आधारवर सुमन, पीपीओवर शोभा : माजी सैनिकांच्या हक्कांबद्दल वाचकांचे प्रश्न

माजी सैनिकांच्या पेन्शन आणि सवलतींबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी घेतली आहेत. ती वाचताना एक गोष्ट वारंवार दिसली. काम अडलेले असते प्रयागराजच्या लष्करी पेन्शन कार्यालयात किंवा दिल्लीला, पण चूक असते घरच्या कपाटातल्या कागदात. म्हणून उत्तरांची सुरुवात त्या कागदांपासूनच केली आहे.

प्रश्न : सासरे लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. दोन महिन्यांपूर्वी वयाच्या ६४व्या वर्षी ते वारले. सासूबाईंचे नाव आधारवर ‘सुमन’, बँकेत ‘सुमनबाई’ आणि सासऱ्यांच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) ‘शोभा’ आहे. शोभा हे त्यांचे माहेरचे नाव. खात्यावर पेन्शन अजून जमा होते आहे. पुढे काय करायचे?

आधी खात्यातल्या पैशांबद्दल. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन सासऱ्यांची. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंची कुटुंब पेन्शन सुरू होते, आणि ती रक्कम वेगळी असते. त्यामुळे मृत्यूनंतर जमा झालेल्या पूर्ण पेन्शनला हात लावू नका. हिशेब होताना जादा रक्कम वळती होतेच. ती तेराव्याला खर्च झाली असेल तर पुढचे काही महिने सासूबाईंच्या हातात कमी पैसे येतील.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत झालीच असेल. त्या दाखल्यावरचे सासऱ्यांचे नाव पीपीओशी अक्षर न् अक्षर जुळते का, ते आज तपासा. जुळत नसेल तर पुढचे काही करण्याआधी दाखला दुरुस्त करून घ्या. मग ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर पेन्शनरचे निधन कळवायचे. हे काम नातेवाइकांना पेन्शनरच्या लॉगिनशिवाय करता येते. दाखला स्कॅनरवर नीट स्कॅन करा. मोबाईलने तिरका काढलेला, कडा कापलेला फोटो चढवला की अर्ज परत येतो.

आता नावाचे. ‘सुमन’ आणि ‘सुमनबाई’ हा फरक किरकोळ आहे, शपथपत्रावर निभतो. ‘सुमन’ आणि ‘शोभा’ मात्र संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या बायका आहेत. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. जवानाने पलटणीत लग्नाची नोंद करताना माहेरच्या दाखल्यावरचे नाव दिले, आणि गावात सगळे कागद सासरच्या नावाने झाले. काही नोंदींत तर कारकुनाने सवयीने पुढे ‘देवी’ जोडलेले असते. कोकणातल्या घरात ही देवी कुठून आली, असा प्रश्न तीस वर्षांनी पडतो.

दुरुस्ती प्रयागराजचे पेन्शन कार्यालय आपणहून करत नाही. ती सासऱ्यांच्या रेकॉर्ड ऑफिसने, म्हणजे त्यांच्या रेजिमेंटच्या सेवा नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाने, करायची असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे (यंत्रदुरुस्ती दलाचे) सिकंदराबादला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. सोबत पीपीओ आणि डिस्चार्ज बुकची (लष्कर सोडताना मिळणाऱ्या नोंदपुस्तिकेची) प्रत, आधार, पॅन, माहेरच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि दोघांचा एकत्र फोटो असेल तर तो जोडा. शपथपत्रात ‘शोभा, सुमन आणि सुमनबाई ही एकाच व्यक्तीची नावे आहेत’ एवढे पुरत नाही. कोणत्या कागदावर कोणते नाव कोणत्या इंग्रजी स्पेलिंगने आहे, ते एकेक करून लिहा. पूर्ण नावबदल असल्याने राजपत्रातली प्रसिद्धीही मागितली जाऊ शकते. रेकॉर्ड ऑफिसने पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा लष्करी आदेश) काढली की त्या आधारावर पीपीओ सुधारला जातो.

इथे एक चूक हमखास होते. कोणीतरी सल्ला देतो, ‘आधारवरच शोभा करून टाका, काम पटकन होईल.’ तसे करू नका. बँक, पॅन, रेशनकार्ड, सातबारा सगळे सुमन नावाने आहे. आधार बदलले की ते सगळे बदलत बसावे लागेल. लष्कराची नोंद आधारकडे आणा.

रकमेबद्दलही सासूबाईंना आताच सांगून ठेवा. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सुरुवातीला वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांनी कुटुंब पेन्शन मिळते. मात्र ती मूळ पेन्शनपेक्षा जास्त नसते. हा दर ७ वर्षे, किंवा दिवंगत पेन्शनर ६७ वर्षांचे झाले असते त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर असतो. सासरे ६४व्या वर्षी गेले, म्हणजे वाढीव दर साधारण तीन वर्षे. मग ती ३० टक्क्यांवर येते. त्या महिन्यात पेन्शन ‘कापली’ म्हणून अर्ज घेऊन धावू नका.

प्रश्न : मी नोव्हेंबरमध्ये गावातल्या सेवा केंद्रात हयातीचा दाखला दिला. मोबाईलवर मेसेजही आला. तरी पेन्शन थांबली. बँक म्हणते आमच्याकडे काही नाही.

बँकेचे म्हणणे बरोबर आहे. तुमची पेन्शन आता ‘स्पर्श’मधून येते. बँकेत फक्त तुमचे खाते आहे.

जीवन प्रमाणचा, म्हणजे हयातीच्या डिजिटल दाखल्याचा, मेसेज एवढेच सांगतो की दाखला तयार झाला. तो योग्य ठिकाणी पोचला आणि स्वीकारला गेला, असे त्यातून कळत नाही. केंद्रचालक जुन्या सवयीने ‘पेन्शन देणारी संस्था’ या रकान्यात तुमच्या बँकेचे नाव निवडतो आणि दाखला बँकेकडे जातो. तिथे ‘स्पर्श – पीसीडीए पेन्शन्स’ (पीसीडीए म्हणजे प्रयागराजचे ते पेन्शन कार्यालय) निवडायला हवे, आणि मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या रकान्यात ‘डिफेन्स – पीसीडीए (पी)’. दुसरी चूक पीपीओ क्रमांकाची. जुन्या पीपीओवरचा अक्षरे आणि तिरक्या रेघा असलेला लांबलचक क्रमांक इथे चालत नाही. स्पर्शने दिलेला १२ अंकी क्रमांक लागतो.

तेव्हा पुन्हा केंद्रात जा, हे दोन रकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि मगच बोट टेकवा. शेतीकामाने बोटांचे ठसे झिजले असतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. ती साध्या अँड्रॉइड फोनवरही चालते. उन्हाकडे पाठ करून उभे राहिले की ती फसते. प्रकाश तोंडावर हवा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी छापील हयातीचा नमुना सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने भरून स्पर्शवर चढवता येतो. दाखला स्वीकारला गेला की थांबलेल्या महिन्यांची पेन्शन थकबाकीसह मिळते. पुढच्या वर्षीपासून मेसेजवर थांबू नका. आठवड्याभराने स्पर्शच्या लॉगिनमध्ये ओळख पडताळणीची पुढची तारीख बदललेली दिसते का, ते पाहा.

प्रश्न : मी १९७५ ते १९८४ शिपाई होतो. पेन्शन नाही. वय ७० च्या वर. जमीन नाही. मला काही मिळू शकते का? गावात म्हणतात, पेन्शन नाही तर तू माजी सैनिकच नाहीस.

गावाचे ऐकू नका. माजी सैनिकाची व्याख्या नोकरी सोडल्याच्या तारखेनुसार बदलत गेली आहे. आजचा नियम जुन्या माणसाला लावून त्याला परत पाठवणे ही गावातच नव्हे, कार्यालयांतही होणारी चूक आहे. १ जुलै १९८७ नंतर सुटलेल्यांसाठी व्याख्या कडक झाली. तुम्ही त्याआधीचे आहात.

डिस्चार्ज बुक काढा आणि ‘सुटण्याचे कारण’ हा रकाना बघा. तिथे बहुधा आर्मी रूल १३(३) चा उल्लेख असेल आणि पुढे रोमन तीन, मग कंसात एक लहान आकडा. (एक) म्हणजे भरतीच्या अटी पूर्ण करून सुटलात. (तीन) म्हणजे वैद्यकीय कारण. (चार) म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून, आपल्या बोलीत ‘नाव कापून’. (तीन) असेल तर सांभाळून पुढे जा. सेवेमुळे आलेल्या किंवा सेवेत वाढलेल्या अपंगत्वाच्या पेन्शनला १५ वर्षांच्या नोकरीची अट नसते, आणि तो स्वतंत्र दावा होऊ शकतो. (चार) असले तरी तुमच्या काळात नऊ वर्षांची नोकरी दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पात्रता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून लेखी ठरवून घ्या. ‘बसत नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर परतू नका.

माजी सैनिकाचे ओळखपत्र मिळाले की केंद्रीय सैनिक बोर्डाच्या निर्वाह अनुदानासाठी अर्ज करा. हे ६५ वर्षांवरील, पेन्शन नसलेल्या आणि हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी आहे. ते पूर्वी दरमहा ४,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना ८,००० रुपये मिळतात. अर्ज बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा, मूळ कागद जिल्हा कार्यालयात दाखवायचे, तिथून शिफारस पुढे जाते. बुकावरची जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख जुळत नसेल तर अर्ज तिथेच थांबतो. त्या पिढीच्या आधारवर अनेकदा १ जानेवारी ही तारीख असते, कारण नोंदणीच्या दिवशी नेमकी तारीख कोणाला सांगता आली नाही. आधी ती दुरुस्त करा.

डिस्चार्ज बुक हरवले असेल तर रेकॉर्ड ऑफिसला आर्मी नंबरसह लिहा. पेन्शन नसलेल्यांचे तपशीलवार कागद ठरावीक वर्षांनी नष्ट केले जातात, पण ‘लाँग रोल’ या कायमच्या नावनोंदवहीतली नोंद राहते. त्यासाठी आर्मी नंबर पाठ हवा. तो बहुतेक म्हाताऱ्यांना मुलांच्या वाढदिवसापेक्षा पक्का आठवतो.

प्रश्न : आमच्या गावात चाळीसेक माजी सैनिक आणि विधवा आहेत. ग्रामपंचायत म्हणून सत्कार आम्ही दरवर्षी करतो. त्यापलीकडे नेमके काय करता येईल? निधी फारसा नाही. – एक सरपंच

शाल-श्रीफळाच्या खर्चात यातले बरेचसे होते.

पहिले काम वहीचे. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे किंवा कोल्हापूरचे सैनिक टाकळी यांसारख्या गावांत घरोघरी फौजी आहेत, तिथे कोण माजी सैनिक हे सगळ्यांना माहीत असते. पण माहीत असणे आणि नोंद असणे यात फरक आहे. एका घराला एक पान द्या. आर्मी नंबर, हुद्दा, रेकॉर्ड ऑफिस, पीपीओ क्रमांक, निवृत्तीची तारीख, पत्नीचे नाव. मग चार उभे रकाने आखा : डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, बँक पासबुक. प्रत्येकात नवरा-बायकोची नावे आणि जन्मतारखा त्या त्या कागदावर आहेत तशा उतरवा, स्पेलिंगसह. चार रकाने शेजारी आले की चूक आपोआप डोळ्यांत भरते. एका पानाला वीस मिनिटे लागतात. दहावी-बारावीची मुले हे काम उत्तम करतात. वही मात्र कुलपात ठेवा आणि आधारचे शेवटचे चारच आकडे लिहा. बँकेचा खाते क्रमांक लिहूच नका.

हे माजी सैनिक हयात असताना करण्याचे काम आहे. स्वतः पेन्शनरने अर्ज केला तर पत्नीच्या नावाची दुरुस्ती खूप सोपी जाते. तो गेल्यावर तीच दुरुस्ती विधवेला स्वतःची ओळख सिद्ध करत करावी लागते, तीही पेन्शन अडलेली असताना. पहिल्या पत्रातल्या सासूबाई आता तेच करत आहेत. वहीत ज्यांची नावे जुळत नाहीत, त्यांची यादी करून अर्ज एकगठ्ठा जिल्हा कार्यालयाकडे न्या. यादीत सर्वांत वयस्कर माणूस पहिला ठेवा.

दुसरे काम घरपट्टीचे, आणि ते पूर्णपणे तुमच्याच हातात आहे. २०२० पासून राज्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराचा मालमत्ता कर माफ आहे. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तरी कित्येक गावांत माफी मिळत नाही. कारण नमुना ८ वर (घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत) घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असते, किंवा तीन भावांच्या सामाईक नावावर. ग्रामसेवक म्हणतो, यात सैनिकाचे घर कोणते? तेव्हा आधी वारस नोंद, मग वाटणीप्रमाणे नमुना ८ वेगळा, मग माफी. हा क्रम सोडून अर्ज घेऊ नका. मागणी नोंदवहीत माफीचा शेरा दरवर्षी पुढे ओढला जातो का, तेही पाहा. वही बदलली की शेरा मागे राहतो आणि म्हाताऱ्याला पुन्हा बिल येते. पाणीपट्टी वेगळी आकारणी आहे, ती माफीत धरू नका.

तिसरे, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हयातीच्या दाखल्यांसाठी दोन दिवस ठरवा. ग्रामपंचायतीचा संगणक, एक चांगला फोन, एक माहीतगार चालक. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘स्पर्श निवडा, बँक नाही’ असा कागद चिकटवा. चालता न येणाऱ्यांकडे फोन घेऊन घरी जा. पंधरा दिवसांनी कोणाचा स्वीकारला गेला नाही, ते तपासायला तिसरा दिवस ठेवा. शिबिराचे फोटो पहिल्या दिवशी निघतात, पण अडलेले दाखले तिसऱ्या दिवशी सापडतात.

प्रश्न : जिल्हा मुख्यालय आमच्याकडून ९० किलोमीटर. एका कामासाठी चार फेऱ्या होतात, दर वेळी नवा कागद मागतात. हे सुधारण्यासाठी कोणाला काय सांगावे? थकबाकीत टक्के घेऊन काम करून देणाऱ्या एजंटाकडे जावे का?

जिल्हा सैनिक बोर्डाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मागण्या लेखी, थोड्या आणि खर्चाशिवाय होण्याजोग्या ठेवा, म्हणजे त्या मान्य होतात.

सर्वांत उपयोगी मागणी त्रुटीपत्राची. अर्ज पहिल्यांदा खिडकीवर आला की तपासणाऱ्याने छापील यादीवर खुणा करून सगळ्या त्रुटी एकदम, तारीख आणि सहीसह द्याव्यात. आज एक त्रुटी दिसली की तिथेच तपासणी थांबते आणि दुसरी त्रुटी दुसऱ्या फेरीत निघते. तुमच्या चार फेऱ्यांचे कारण बहुधा हेच आहे. यात कोणाची वाईट वृत्ती असतेच असे नाही. काउंटरवरचा माणूस बदलतो आणि यादी डोक्यात असते, कागदावर नसते.

दुसरी मागणी, कल्याण संघटकाचा (जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फिरत्या कर्मचाऱ्याचा) प्रत्येक तालुक्यात महिन्यातला एक ठरलेला दिवस. उदाहरणार्थ, दुसरा मंगळवार, तहसील कचेरी, सकाळी ११ ते ३. दिवस बदलता कामा नये. बदलता दिवस ज्याच्याकडे मोबाईलवर निरोप येतो त्यालाच कळतो, आणि एकट्या राहणाऱ्या विधवेला नेमका तोच येत नाही. त्या दिवशी मूळ कागद तपासून प्रतींवर शिक्का मिळाला तर मुख्यालयाची एक फेरी तरी वाचते.

तिसरी, पुढे पाठवलेल्या अर्जाचा जावक क्रमांक आणि तारीख अर्जदाराला द्यावी. ‘पाठवलंय’ या उत्तरावर रेकॉर्ड ऑफिसला विचारणा करता येत नाही, जावक क्रमांकावर येते. तिथूनही दोन महिने उत्तर नसेल तर माहिती अधिकारात एवढेच विचारा : अमुक जावक क्रमांकाचे पत्र कोणत्या तारखेला मिळाले आणि त्यावर कोणती कार्यवाही झाली. लांबलचक कैफियत लिहिली की उत्तरही लांबलचक आणि निरुपयोगी येते.

एजंटबद्दल तुम्ही वेगळे विचारले आहे. थकबाकीतले टक्के मागणाऱ्याला स्पर्शचा पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका. बँक खाते बदलण्याची विनंतीही त्याच लॉगिनमधून जाते.

प्रश्न : वडिलांना रात्री छातीत दुखू लागले तर जवळच्या खासगी रुग्णालयात न्यावे लागेल. ते ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) यादीत नाही. बिल मिळेल का?

जीवघेणी तातडी असेल तर यादी शोधत बसू नका, जवळ असेल तिथे न्या. दाखल केल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला कळवा. फोन केलात तरी पाठोपाठ लेखी किंवा ईमेलने कळवा, म्हणजे पुरावा राहतो. रुग्णालयाकडून तातडीचा दाखला, डिस्चार्ज समरी आणि तपशीलवार मूळ बिले घ्या. ‘औषधे – एकूण’ अशी एका ओळीची पावती चालत नाही. भरपाई ठरलेल्या सरकारी दरांनी होते, त्यामुळे पूर्ण बिल परत मिळेल असे धरून चालू नका. प्रकृती स्थिर झाल्यावर यादीतल्या रुग्णालयात हलवता येते का, हे पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना त्याच फोनवर विचारा. ईसीएचएस कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत आणि पॉलिक्लिनिकचा नंबर आजच घराच्या दारामागे लावून ठेवा. रात्री दोन वाजता कपाटाची किल्ली सापडत नाही.